विकेड स्टेजवर पाहिलेल्यांना प्रश्न: ती उडते तेव्हा नेमकं काय होतं आपल्याला? आणि पुढच्या वेळी कुठे बसू?

तिसरीघंटा:

मंडळी, लंडनला अपोलो व्हिक्टोरिया थिएटरात विकेड हे म्युझिकल बघून आलेय आणि ते डोक्यातून जातच नाहीये. ज्यांनी स्टेजवर पाहिलंय त्यांच्याशी बोलायचंय, दोन-तीन प्रश्नही आहेत. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या. आणि स्पॉयलर आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विझर्ड ऑफ ओझ या मुलांच्या जुन्या गोष्टीतली ती हिरवी दुष्ट चेटकीण मुळात कोण होती आणि ती दुष्ट ठरली कशी, याची ही गोष्ट. एल्फाबा जन्मतःच हिरवी, घरात नकोशी. ग्लिंडा गोरी, गोड, सगळ्यांची लाडकी. कॉलेजात दोघी नाइलाजाने एका खोलीत राहतात, आधी एकमेकींचं तोंड बघवत नाही आणि मग जिवाभावाच्या मैत्रिणी होतात. ग्रेगरी मॅग्वायरच्या 1995च्या कादंबरीवरून घेतलंय, संगीत आणि गाणी स्टीफन श्वार्ट्झची, संहिता विनी होल्झमनची. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला 2003 पासून आणि लंडनला 2006 पासून चालू आहे, मधला कोविडचा काळ सोडला तर सलग.

आत गेल्या गेल्या काय दिसतं तर पडद्यावर ओझचा भला मोठा नकाशा, मधोमध एमरल्ड सिटी हिरवीगार चमकतेय, आणि वर रंगमंचाच्या चौकटीवर एक यांत्रिक ड्रॅगन पंख पसरून बसलाय. मी तर अर्धा वेळ त्याच्याकडेच बघत होते. सगळ्या चौकटीला घड्याळाची दातेरी चाकं. अंधार झाला, ऑर्केस्ट्राचा पहिला आवाज आला तो थेट छातीत, ड्रॅगनने मान हलवली, डोळे लाल झाले, आणि तिथेच मला कळलं की आज काही खरं नाही.

पण खरं सांगायचंय ते पहिल्या अंकाच्या शेवटाबद्दल. ओझवर राज्य करणारा जादूगार ढोंगी आहे हे एल्फाबाला कळलेलं असतं, मागे पहारेकरी लागलेत, दोघी माळ्यावर अडकल्यात. ग्लिंडा म्हणते माफी माग, सगळं सुरळीत होईल. एल्फाबा म्हणते तू चल माझ्याबरोबर. आणि मग ग्लिंडा तिच्या खांद्यावर तो काळा झगा घालते, कारण ती थरथरत असते. तेवढ्या एका हालचालीत कळतं की ही येणार नाहीये. मी तिथेच रडायला लागले होते, उडणं अजून पुढेच होतं! मग दार फोडून पहारेकरी आत, ग्लिंडाला धरतात, आणि मागून एल्फाबाचा आवाज येतो आणि ती वर वर वर जायला लागते, पाठून प्रकाशाचे झोत, धूर, झगा खाली पसरत चाललाय, तो शेवटचा सूर, आणि काळोख. मध्यंतराचे दिवे लागले तरी आमच्या रांगेतलं कोणी लगेच उठलं नाही. पलीकडच्या एक अनोळखी आजी माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत होत्या.

तर प्रश्न असे की सिनेमा मी आधी पाहिला होता, तोच सीन, तेच गाणं, तिथे तर ती खरोखर आकाशात घिरट्या घालते, सिनेमा मला आवडलाही, पण काटा असा आला नव्हता. स्टेजवर ती एकाच जागी वर जाते आणि थांबते, बास, तरी हे असं का होतं? दुसरं म्हणजे दुसरा अंक मला घाईघाईत उरकल्यासारखा वाटला, तुम्हालाही वाटतो का? आणि तिसरं, मी परत जाणार आहे (हे ठरलंय), बरोबर आठ वर्षांची भाची असेल. या वेळी वर सर्कलमध्ये मागे होते. पुढच्या वेळी कुठे बसू आणि काय काय बघू?

विंगेतला_प्रकाश:

वा, किती मनापासून लिहिलंय. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो त्यामुळे पहिला प्रश्न माझा.

आधी यंत्र सांगतो, कारण ते कळल्यावर गंमत कमी होत नाही, वाढते. तिला तारा वगैरे काही लावलेल्या नसतात. ती मागे जाते, एका लिफ्टसारख्या यंत्रात उभी राहते, यंत्र तिला सरळ वर उचलतं आणि तो काळा झगा खाली पसरत जाऊन यंत्र झाकतो. एवढंच. बाकी सगळं काम केनेथ पोस्नरच्या प्रकाशयोजनेचं आहे. झोत तिच्या पाठून प्रेक्षकांच्या दिशेने येतात, त्यामुळे डोळे दिपतात आणि तिच्या खाली काय आहे ते दिसतच नाही, फक्त मधोमध तिची काळी आकृती, हिरवा चेहरा आणि हातातला झाडू. पुढून भरपूर लाइट टाकला असता तर लिफ्टवर चढलेली बाई दिसली असती. कुठे उजेड टाकायचा नाही हे कळणं हेच या धंद्यातलं अर्धं कौशल्य.

आता सिनेमा आणि स्टेज. सिनेमात कोणीही उडू शकतं हे आपण धरूनच चालतो. स्टेजवर मात्र सव्वा-दीड तास एल्फाबाचे पाय जमिनीवर असतात, आणि आपल्यालाही माहीत असतं की समोर हाडामांसाची बाई आहे, ती उडू शकत नाही. म्हणून ती उचलली गेली की आपलं शरीरच दाद देतं, डोक्याला विचारायला वेळ मिळत नाही. आणि एक गोष्ट पुढच्या वेळी लक्षात ठेवून बघा. नाटक सुरू होतं तेव्हा ग्लिंडा बुडबुड्यातून वरून खाली येते, यंत्र उघड दिसतं, साबणाचे बुडबुडे उडतायत, सगळा थाट उत्सवाचा. एल्फाबा बरोबर उलटी, अंधारातून वर जाते. एकीला गाव डोक्यावर घेऊन खाली आणतं, दुसरी गाव सोडून वर जाते. अख्खी गोष्ट या दोन हालचालींत आहे असं माझं ठाम मत आहे.

अजून एक. कधी कधी यंत्र बिघडतं. मग त्या दिवशी उडणं नाही. अशा वेळी एल्फाबा चालत पुढे येऊन गाते आणि बाकीचे कलाकार जमिनीवर आडवे होऊन वर बघतात, म्हणजे ती उंचावर आहे असा भास व्हावा. असा प्रयोग बघितलेले लोक सांगतात की टाळ्या तितक्याच पडतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यंत्राशिवायही ती उडते, कारण गाण्याने आपल्याला आधीच वर नेलेलं असतं.

आणि ही यंत्रं खेळणी नाहीत हो. ब्रॉडवेची पहिली एल्फाबा इडिना मेंझेल जानेवारी 2005 मध्ये, तिच्या शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, चेटकीण वितळण्याच्या सीनला रंगमंचातल्या चोरदारातून खाली पडली आणि बरगडी मोडली. दुसऱ्या दिवशी शोशाना बीनने भूमिका केली आणि शेवटच्या सीनला मेंझेल साध्या लाल ट्रॅकसूटमध्ये येऊन उभी राहिली. ना हिरवा रंग, ना झगा. थिएटर कसं दुमदुमलं असेल याचा नुसता विचार करा.

कोमल_गंधार:

गाण्याने आधीच वर नेलेलं असतं, हे लाख बोललात, आणि ते कसं नेतं ते मी सांगते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

श्वार्ट्झने एक छोटी सुरावट पूर्ण नाटकभर पेरली आहे. पहिल्यांदा ती येते 'द विझर्ड अँड आय'मध्ये. एल्फाबा कॉलेजात नवीन आहे, जादूगार आपल्याला भेटेल, आपलं सोनं होईल अशी स्वप्नं बघतेय, आणि गाण्याच्या मध्येच वेग उतरतो आणि ती हळूच ही सुरावट गाते, भविष्य आपल्याला दिसतंय म्हणते. मग 'डिफाइंग ग्रॅव्हिटी'मध्ये, म्हणजे त्या उडण्याच्या गाण्यात, तीच सुरावट, पण आता ती ग्लिंडाला बरोबर यायला सांगतेय. आणि शेवटी 'फॉर गुड'च्या अगदी सुरुवातीला परत तीच, पण या वेळी ती म्हणते आता माझ्याच्याने इतकंच, पुढचं तू कर. तिन्ही जागा लक्ष देऊन ऐकल्यात तर तिसऱ्या वेळी तुम्ही सावरू शकणार नाही, लिहून घ्या.

आणि त्या सुरावटीतलं गुपित म्हणजे तिचे पहिले सात सूर हे 1939च्या विझर्ड ऑफ ओझ सिनेमातल्या 'ओव्हर द रेनबो'चे पहिले सात सूर आहेत! लय आणि खालचे कॉर्ड बदललेत म्हणून चटकन ओळखू येत नाही. श्वार्ट्झनेच हे सांगितलंय. म्हणजे ज्या गोष्टीत ही बाई खलनायिका होती, तिथल्या भाबड्या मुलीचं, डोरोथीचं गाणं त्याने खलनायिकेच्या तोंडी दिलं. याला म्हणतात संगीतकाराने बाजू घेणं.

'फॉर गुड' कसं सुचलं तेही सांगते. श्वार्ट्झने आपल्या मुलीला विचारलं होतं की जिवलग मैत्रीण पुन्हा कधीच भेटणार नसेल तर तिला काय सांगशील, आणि तिने जे सांगितलं त्यातून ते गाणं झालं. ते गाणं ऐकताना जाणवतंच ना, की हे कोणीतरी खरंच कोणाला तरी म्हटलेलं आहे. दोघी नुसत्या उभ्या राहून गातात, मागे काही हलत नाही, एवढ्या मोठ्या यंत्रसामग्रीच्या नाटकाने सगळ्यात मोठ्या क्षणाला यंत्रं बंद ठेवलीत.

आपण संगीत नाटकं बघत वाढलेली माणसं, आवडलेल्या पदाला वन्स मोअर द्यायची आपली सवय. इथे तसं होत नाही, गाणं संपलं की टाळ्यांना तेवढी जागा ठेवलेली असते आणि गोष्ट पुढे सरकते. 'डिफाइंग ग्रॅव्हिटी'नंतर मला वन्स मोअर ओरडावंसं वाटलं होतं हे खरं, पण बरंच झालं मध्यंतर असतं ते, त्या गाण्यानंतर लगेच दुसरं काही ऐकवलं नसतं.

एल्फाबाची भूमिका गळ्याला इतकी जड आहे की मुख्य अभिनेत्रीबरोबर एक राखीव अभिनेत्री कायम तयार ठेवलेली असते. ज्या दिवशी राखीव एल्फाबा असेल त्या दिवशी हिरमुसू नका प्लीज. शेवटच्या हरकती प्रत्येकीच्या वेगळ्या असतात आणि राखीव मुली जीव ओतून गातात.

अंकदुसरा:

दुसऱ्या अंकाला घाईघाईत म्हटलेलं बघून राहवलं नाही 🙂 मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

मान्य की त्याला खूप काही उरकायचंय. पहिला अंक मोकळा आहे, कॉलेज, दंगा, पार्टी, 'पॉप्युलर'. दुसऱ्याला मात्र आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या ओझच्या गोष्टीशी नेऊन जोडायचंय. टिनचा माणूस कुठून आला, बुजगावणं कोण, सिंह का भित्रा, डोरोथीला बूट कसे मिळाले, सगळी उत्तरं तासाभरात द्यायचीयत. आणि ती उत्तरं किती क्रूर आहेत बघा ना, एल्फाबा कॉलेजातल्या बॉकला वाचवायला मंत्र म्हणते तर तो टिनचा होतो, जिच्यावर तिचं प्रेम आहे त्या फियेरोला वाचवायला म्हणते तर बुजगावणं. चांगलं करायला जावं आणि प्रत्येक वेळी वाईट व्हावं, आणि लोकांनी प्रत्येक वेळी म्हणावं बघा, म्हटलं नव्हतं ही दुष्ट आहे. म्हणून 'नो गुड डीड' जेव्हा येतं तेव्हा ते नुसतं मोठ्या आवाजातलं गाणं राहत नाही.

आणि ग्लिंडाची सगळ्यात अवघड जागा दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच आहे, 'थँक गुडनेस'. जमावासमोर हसत उभी आहे, साखरपुडा झालाय, सगळं मनासारखं मिळालंय, आणि गाता गाता मध्येच तिचं तिलाच कळतं की यासाठी काय मोजलं. हसू तसंच ठेवून हे दाखवायचं असतं. पुढच्या वेळी एल्फाबावरून नजर काढून पाच मिनिटं फक्त ग्लिंडाचा चेहरा बघा. लोक ग्लिंडाला विनोदी भूमिका समजतात, माझ्या मते नाटक तिचं आहे. सुरुवातही तिच्यापासून होते, शेवटी खरं काय ते माहीत असून गप्प राहायची शिक्षाही तिलाच.

एक मात्र खरं, नेसारोजला, म्हणजे एल्फाबाच्या बहिणीला, आणखी वेळ हवा होता. तो एक सीन फारच पटकन होतो. सिनेमावाल्यांनी दोन भाग केले, पहिला 2024ला आणि दुसरा 2025ला, आणि दुसऱ्या भागासाठी श्वार्ट्झने दोन नवीन गाणी लिहिली, म्हणजे त्यांनाही तिथे जागा दिसलीच असणार. पण नाटकाचा तो वेग, एकामागून एक दारं बंद होत जाण्याचा, तो सिनेमात पातळ झाला असं माझं मत.

पहिलीरांग:

जागेबद्दल. अपोलो व्हिक्टोरिया मुळात 1930चं सिनेमागृह आहे, त्यामुळे आडवं पसरलेलं आणि मोठं, खाली स्टॉल्स आणि वर ड्रेस सर्कल, दोनच मजले, मिळून सुमारे 2300 खुर्च्या. स्टॉल्समध्ये फार मागे गेलात तर वरची गॅलरी डोक्यावर येते आणि ड्रॅगन कापला जातो, एल्फाबा वर जाते तेव्हाही वरचा भाग हुकायची भीती. तिकीट काढताना कुठे दृश्य अर्धवट दिसेल असं लिहिलेलं असेल तर ते वाचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी सर्कलच्या पुढच्या रांगा मधोमध सांगते, पूर्ण चित्र तिथूनच दिसतं. पण तुम्ही वरून एकदा बघून झालंय, तर आता स्टॉल्स, मध्यभागी, फार पुढे नको फार मागे नको. चेहरे दिसायला हवेत.

आणि कपडे! एवढ्या पोस्टी झाल्या, कपड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. वेशभूषाकार सुझन हिल्फर्टीला 2004चा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, मिळाला तो उगाच नाही. त्या वर्षी विकेडला दहा नामांकनं होती आणि तीन पुरस्कार मिळाले: मेंझेलला अभिनयाचा, हिल्फर्टीला वेशभूषेचा आणि यूजीन लीला नेपथ्याचा. (सर्वोत्कृष्ट म्युझिकल मात्र अव्हेन्यू क्यूला गेलं, यावर वेगळा धागा काढू.) दुसऱ्या अंकातला एल्फाबाचा झगा लांबून काळा दिसतो. जवळून बघाल तर तो काळा नाहीच, पट्ट्यांवर पट्ट्या, झालरी, जांभळा, निळा, तपकिरी, हिरवा, जमिनीचे थर उघडे पडल्यासारखे. हिल्फर्टीने कल्पनाच ती घेतली होती, भूगर्भाचे थर. म्हणजे ज्या बाईला सगळे काळी ठरवून बसलेत तिच्या अंगावर सगळे रंग आहेत, आणि ते फक्त जवळ आलेल्याला दिसतात. ओझच्या लोकांचे कपडे पण बघा, कॉलर एकीकडे, बाही दुसरीकडे, काहीच सरळ आणि सारखं नाही.

बूट पण बघा. विझर्ड ऑफ ओझ लिहिणाऱ्या बॉमच्या 1900च्या मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत, लाल माणकांचे केले ते 1939च्या सिनेमाने, आणि ते लाल बूट सिनेमा कंपनीचे. नाटकाने काय केलं तर बूट चांदीचे ठेवले आणि जादूच्या वेळी त्यांच्यावर लाल प्रकाश आणला. हक्कही सांभाळले आणि लोकांना हवे होते ते लाल बूटही दिसले. मला ही युक्ती बेहद्द आवडते.

तिसरीघंटा:

अरे काय लोक आहात तुम्ही सगळे! ते सात सूर मी आत्ता दोन्ही गाणी लावून ऐकले आणि खरंच आहे ते, अंगावर शहारा आला. आणि ग्लिंडा वरून खाली, एल्फाबा खालून वर, हे तर समोर असून दिसलं नव्हतं.

@अंकदुसरा, 'थँक गुडनेस'ला ग्लिंडाकडे बघेन, नक्की. घाईबद्दल माझं मत अजून तेच आहे, फियेरोचं बुजगावणं होणं मला नीट भिडायच्या आत पुढचा सीन आला, पण क्रूर म्हणालात ते पटलं.

स्टॉल्सचं तिकीट बघतेय मधोमध. भाचीबद्दल कोणी काही बोललं नाही, आठ वर्षांच्या मुलीला झेपेल ना? पावणेतीन तास आहे मध्यंतर धरून. इंग्रजी तिला चांगलं येतं.

विंगेतला_प्रकाश:

सात वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी योग्य असं ते लोक स्वतःच सांगतात, त्यामुळे वयाची अडचण नाही. दोन जागा तिला आधी सांगून ठेवा. एक म्हणजे जादूगाराचं ते अजस्र यांत्रिक डोकं, आवाज मोठा आणि एकदम येतो. दुसरं माकडांना पंख फुटतात तो सीन, त्यात वेदना आहे, ओरडणं आहे, काही माकडं चौकटीच्या बाजूंनी वर चढतात. आधी माहीत असलं की मुलं घाबरण्याऐवजी वाट बघतात. आणि डॉक्टर डिलामंड, तो बोकड प्राध्यापक, त्याचं बोलणं हळूहळू का जातं हे ती नक्की विचारणार, मध्यंतरात उत्तर तयार ठेवा.

पहिलीरांग:

आणि तिच्यापुढे उंच माणूस आला तर तिथल्या लोकांकडे मुलांसाठी उंच उशी मिळते का विचारा, बऱ्याच थिएटरांत ठेवतात. पोचायला अर्धा तास आधी पोचा, थिएटर व्हिक्टोरिया स्टेशनच्या अगदी समोर आहे पण आत शिरायची रांग मोठी असते, आणि तिला तो नकाशा आणि ड्रॅगन निवांत बघू दे. जाऊन आलात की इथेच लिहा, भाचीला कोण जास्त आवडलं ते पण.